दुसऱ्या वाराचं काय?

आत्या महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेली. भाचा अनिरुद्ध पुण्यात राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करतो आहे. नीतिशास्त्राच्या पेपरसाठी लिहिलेलं एक उत्तर त्याने तिला वाचायला दिलं, तिथून हे बोलणं सुरू झालं.

अनिरुद्ध : प्रश्न आहे, 'अण्वस्त्रं बाळगणं नैतिक ठरू शकतं का?' मी लिहिलंय की भारतापुरतं तरी ठरतं, कारण आपण पहिला वार करणार नाही असं जगाला सांगितलंय.

आत्या : गुण मिळतील तुला. पण उत्तर अर्ध्यावरच थांबलंय. पहिला वार करणार नाही हे ठीक. दुसरा कोणावर करणार?

अनिरुद्ध : ज्याने पहिला केला त्याच्यावर.

आत्या : त्याच्यावर म्हणजे कोणावर? ज्या सेनापतीने हुकूम दिला तो जमिनीखालच्या काँक्रीटच्या खोलीत बसलेला असेल. बॉम्ब पडायचा तो वर, शहरावर. तिथे भाजीवाला असेल, बाळंतपणाला माहेरी आलेली मुलगी असेल. पहिल्या वाराचा हुकूम त्यांनी दिलेला नसतो, बहुतेकदा त्यांना कोणी विचारलेलंही नसतं.

अनिरुद्ध : पण युद्ध त्यांनी सुरू केलं आणि आपण बचाव करतोय. 'न्याय्य युद्ध' म्हणतात ते हेच ना?

आत्या : त्या विचारात दोन प्रश्न आहेत आणि तू पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला चिकटवतोयस. पहिला प्रश्न, युद्धाला उभं कधी राहायचं. ऑगस्टीनपासून थॉमस अक्वायनसपर्यंत ख्रिस्ती विचारवंतांनी त्यावर बरंच लिहिलं. कारण न्याय्य हवं, निर्णय अधिकार असलेल्याने घ्यायला हवा, हेतू शुद्ध हवा. मागाहून आणखी अटी आल्या, की बाकीचे उपाय थकलेले असावेत, यशाची काही आशा असावी. ही यादी तुझ्या नोट्समध्ये असेलच.

अनिरुद्ध : आहे. रंगीत तक्ता आहे.

आत्या : तक्त्याच्या दुसऱ्या रकान्यात दुसरा प्रश्न असेल, की उभं राहिल्यावर लढायचं कसं. तिथे मुख्य नियम दोनच. जे लढत नाहीत त्यांच्यावर नेम धरायचा नाही. आणि लष्करी ठिकाणावर नेम धरताना आजूबाजूच्या लोकांचं जे नुकसान होईल, ते मिळणाऱ्या लष्करी फायद्याच्या मानाने अतोनात नसावं. आता रंगीत तक्त्यात सहसा नसतं ते सांगते. हे दोन्ही प्रश्न एकमेकांपासून मोकळे आहेत. ज्याची बाजू खरी आहे तोही अत्यंत हलकटपणे लढू शकतो. बाजू खरी आहे म्हणून दुसऱ्या प्रश्नातून कोणाची सुटका होत नाही.

अनिरुद्ध : यात आपल्याला नवं काही नाही. शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीला लिहिलेलं पत्र आहेच की.

आत्या : फार सुंदर पत्र आहे. रयतेकडून दाणागोटा ओरबाडलात तर लोक म्हणतील, मोगलांपेक्षा यांचाच जाच जास्त, असं फौजेला बजावलंय. पण ती आपली रयत होती रे. या नियमाचा कस लागतो तो शत्रूच्या रयतेपाशी. आपल्या माणसांना सांभाळा हे सांगायला नीतिशास्त्र लागत नाही, राजकारणही तेच सांगतं.

अनिरुद्ध : बरं, मग एखादं उदाहरण दे. बाजू खरी आणि लढणं खोटं, असं.

आत्या : १९४५ची अमेरिका. पर्ल हार्बरवर हल्ला जपानने केला होता. चीनमध्ये, फिलिपिन्समध्ये जपानी फौजांनी जे केलं ते आठवलं तर अमेरिकेची बाजू खरी होती याबद्दल मला शंका नाही. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन २५ जुलैला आपल्या रोजनिशीत लिहितो की मी युद्धमंत्री स्टिमसनला सांगितलंय, बॉम्ब लष्करी ठिकाणांवर आणि सैनिकांवर टाकायचा, बायकामुलांवर नाही. ६ ऑगस्टला सकाळी सव्वाआठला तो हिरोशिमावर पडला. विमानातून नेम धरला होता आयोई पुलावर. तो पूल शहराच्या मधोमध. वर्षअखेरपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसं गेली.

अनिरुद्ध : पण हिरोशिमात लष्कराचं मोठं मुख्यालय होतं.

आत्या : होतं. ट्रूमननेही रेडिओवर हिरोशिमाला लष्करी तळच म्हटलं. पण त्याआधी, ३१ मेला, बॉम्बच्या वापराचा विचार करणाऱ्या हंगामी समितीची बैठक झाली होती. तिचं टिपण उपलब्ध आहे. ठरलं असं, की जपानला आधी सूचना द्यायची नाही. निव्वळ नागरी वस्ती लक्ष्य करायची नाही. मात्र जास्तीत जास्त रहिवाशांच्या मनावर जबरदस्त ठसा उमटला पाहिजे. आणि त्यासाठी सर्वांत योग्य ठिकाण म्हणजे पुष्कळ कामगार असलेला, चहूबाजूंनी कामगारांच्या घरांनी वेढलेला युद्धसाहित्याचा कारखाना.

अनिरुद्ध : थांब. म्हणजे घरं ही अडचण नव्हती. घरं हवीच होती.

आत्या : बरोबर हेरलंस. न्याय्य युद्धाच्या विचारात याला एक कसोटी आहे, दुहेरी परिणामाची. एखादा वैमानिक पूल उडवतो, त्यात पुलावरचा गाडीवान मरतो. वैमानिकाला विचार, गाडीवान त्या दिवशी आलाच नसता तर तुझी योजना फसली असती का? तो म्हणेल, उलट बरं झालं असतं. आता हिरोशिमाबद्दल तेच विचार. त्या सकाळी सगळं शहर यात्रेला गेलं असतं आणि बॉम्ब रिकाम्या घरांवर पडला असता, तर?

अनिरुद्ध : टोकियोला बसायचा तो धक्का तेवढा बसला नसता.

आत्या : म्हणजे माणसं मरणं हा अनावधानाने झालेला परिणाम नव्हता, ते साधन होतं. 'आम्ही मुख्यालयावर टाकला' या वाक्याने ते झाकता येत नाही.

अनिरुद्ध : आत्या, पण मला दुसरी बाजूही मांडू दे. १ नोव्हेंबरला क्यूशू बेटावर उतरायची योजना तयार होती. त्यात दोन्हीकडचे किती गेले असते देव जाणे. आणि लोक फक्त अमेरिकी सैनिकांचाच हिशेब करतात. जपानच्या ताब्यातल्या चीनमध्ये, आग्नेय आशियात युद्धाच्या प्रत्येक महिन्याला माणसं मरत होती, तीही नागरिकच. युद्ध तीन महिने लांबलं असतं तर त्यांचं काय? ते मरण आपल्या हातून नाही म्हणून चालेल?

आत्या : हा आक्षेप हलका नाही. मी शिकवायचे तेव्हा वर्गातली हुशार मुलं नेमकी इथे येऊन उभी राहायची आणि मी त्यांना घाईने बसवत नसे. एलिझाबेथ ॲन्स्कम काय म्हणाली ते ऐक. १९५६ साली ऑक्सफर्ड विद्यापीठाने ट्रूमनला सन्माननीय पदवी द्यायचं ठरवलं. असे ठराव एरवी सहज मंजूर व्हायचे. ही तिथलीच तत्त्वज्ञानाची अध्यापक. सभेत उभी राहून म्हणाली, या माणसाचा सन्मान करू नका. तिच्या बाजूने मोजकीच मतं पडली आणि जूनमध्ये पदवी दिली गेली. मग तिने एक पुस्तिका स्वखर्चाने छापली. 

अनिरुद्ध : गांधीवादी होती का?

आत्या : मुळीच नाही. कट्टर कॅथलिक होती आणि शांततावाद्यांवर तर तिचा विशेष राग. तिचं म्हणणं, सगळी हिंसा सारखीच पाप आहे असं तुम्ही लोकांना शिकवता; मग ज्याला लढावं लागतं तो म्हणतो, पाप तर होणारच आहे, मग सैनिक काय आणि तान्हं मूल काय. सैनिक मारणं आणि मूल मारणं यातली रेघ शांततावाद्यांनीच पुसली, असा तिचा आरोप. मला तो थोडा अन्यायाचा वाटतो, पण त्यात दम आहे.

अनिरुद्ध : आणि माझ्या आक्षेपाला तिचं उत्तर?

आत्या : दोन उत्तरं. पहिलं सरळ : निरपराध माणसाला आपल्या हेतूसाठी साधन म्हणून मारणं हा खून, आणि खून हिशेबात बसत नाही. दुसरं अधिक अडचणीचं. ती विचारते, 'बॉम्ब किंवा लाखोंचा बळी घेणारी चढाई' हे दोनच रस्ते उरले कशामुळे? दोस्त राष्ट्रांनी बिनशर्त शरणागतीच हवी असा हट्ट धरला म्हणून. आधी स्वतःच असं ध्येय ठरवायचं की ज्याला पोचायचे सगळे रस्ते रक्ताचे, आणि मग त्यातल्या कमी रक्ताच्या रस्त्याचं श्रेय घ्यायचं. तुझा चीनमधल्या माणसांचा मुद्दा मात्र याने पुरता मिटत नाही. तो मिटतो असं मी तुला सांगणार नाही.

अनिरुद्ध : तिला बोलायला सोपं होतं, ती त्या चढाईत मरणार नव्हती.

आत्या : जॉन रॉल्स मेला असता कदाचित. न्यायाचा सिद्धान्त लिहिणारा रॉल्स, तुमच्या अभ्यासक्रमात आहे तोच. पायदळात होता, न्यू गिनी आणि फिलिपिन्समध्ये लढलेला. बॉम्बने ज्यांचे प्राण वाचले असं म्हणतात त्यांतला तो एक. १९९५मध्ये, हिरोशिमाला ५० वर्षं झाली तेव्हा, त्याने लेख लिहून सांगितलं की हिरोशिमाही चूक होती आणि त्याआधी जपानी शहरांवर केलेला आगीचा वर्षावही.

अनिरुद्ध : आगीचा वर्षाव म्हणजे टोकियो.

आत्या : ९ मार्चची रात्र. एका रात्रीत सुमारे १ लाख माणसं, साध्या आगलाव्या बॉम्बनी. हे लक्षात ठेव, कारण अणुबॉम्बने नीतीची रेघ ओलांडली असं म्हणणं सोयीचं आहे. रेघ आधीच ओलांडलेली होती. अणुबॉम्बने फक्त ते काम एका विमानात बसवलं.

अनिरुद्ध : ठीक. पण आत्या, हे सगळं बॉम्ब वापरण्याबद्दल झालं. नागासाकीनंतर कोणीच वापरलेला नाही. आपण तर वापरायची वेळ येऊ नये म्हणूनच ठेवतो. वापरलाच नाही तर पाप कुठे?

आत्या : आता आपण खऱ्या ठिकाणी आलो. पॉल रॅमसे म्हणून अमेरिकेतला एक ख्रिस्ती नीतिचिंतक होता. त्याने एक दृष्टान्त दिला. समज, सुट्टीच्या दिवसांत शहरात एकही अपघात झाला नाही. का, तर प्रत्येक गाडीच्या पुढच्या बंपरला एकेक तान्हं मूल बांधलं होतं. सगळे जपून चालवत होते. एकाही मुलाला ओरखडा आला नाही. तुला हा उपाय चालेल?

अनिरुद्ध : नाही. पण थांब, दृष्टान्त तंतोतंत बसत नाही. बांधलेल्या मुलाचे हाल होतात, त्याला डांबून ठेवलंय. लाहोरमधला माणूस आपल्या क्षेपणास्त्राच्या टप्प्यात असला तरी मजेत कामावर जातो, लग्नात नाचतो. त्याचं काहीच हिरावलेलं नाही.

आत्या : शाब्बास. मायकेल वॉल्झरने १९७७च्या पुस्तकात नेमकं हेच उत्तर दिलंय. म्हणून तो म्हणतो की अण्वस्त्रांचा धाक सहन करणं माणसांना इतकं सोपं जातं. पण पुढे तोही कबूल करतो की धमकी मुळात अनैतिक आहेच. आपण वाईट करायची धमकी देतो, ती ते करायला लागू नये म्हणून. वॉल्झरच्या मते हिटलर दाराशी उभा असलेल्या १९४०च्या ब्रिटनसारखी परमसंकटाची अवस्था अण्वस्त्रांनी कायमची करून टाकली.

अनिरुद्ध : मग धमकी खोटी असू दे ना. वरून म्हणायचं टाकू, मनात ठरवायचं कधीच नाही टाकणार.

आत्या : तुला एकट्याला जमेल. राष्ट्राला कसं जमणार? पाणबुडीवरच्या अधिकाऱ्यांपासून किल्ल्या सांभाळणाऱ्यांपर्यंत शेकडो माणसांना हुकूम आला की पाळायचा असं शिकवावं लागतं, सरावात तपासावं लागतं. त्यांच्यापुरती तरी धमकी खरीच असते. ब्रिटनचं बघ. १९६९पासून त्यांची एक तरी अण्वस्त्रधारी पाणबुडी कायम समुद्रात असते. नवा पंतप्रधान पदावर आला की त्याला सुरुवातीच्या दिवसांतच चारही पाणबुड्यांच्या कप्तानांसाठी स्वतःच्या हाताने पत्रं लिहावी लागतात. ब्रिटन नष्ट झालं, सरकार उरलं नाही, तर काय करायचं, एवढाच विषय. पत्र पाणबुडीतल्या तिजोरीत. पंतप्रधान बदलला की जुनी पत्रं न उघडता नष्ट करतात.

अनिरुद्ध : काय लिहिलं ते कोणालाच कळत नाही?

आत्या : नाही. आता त्या माणसाची पंचाईत बघ. ते पत्र उघडलं जाणार म्हणजे धाक फसलेला असणार. ब्रिटन उरलेलं नाही. आता मॉस्को जाळून एकही ब्रिटिश माणूस परत येत नाही, कोणाला अडवायचंही राहिलेलं नाही. त्या क्षणी प्रतिहल्ला हा निव्वळ सूड आहे. पण आज, पत्र बंद असताना, शत्रूला वाटलं पाहिजे की आत 'हल्ला करा' असंच लिहिलंय. तत्त्वज्ञ ग्रेगरी कावका याने १९७८मध्ये हा पेच मांडला. जे करणं उघड चूक आहे, ते करण्याचा पक्का इरादा बाळगणं मात्र योग्य, असं एखाद्या प्रसंगी होऊ शकतं का? आणि शहाण्या, चांगल्या माणसाला असा इरादा खरोखर बाळगता येतो का? म्हणजे धाक टिकवायचा तर आधी स्वतःला थोडं वाईट करून घ्यावं लागतं.

अनिरुद्ध : असं उघडपणे कोणी कबूल केलंय?

आत्या : जेम्स कॅलहान पंतप्रधानपदावरून उतरल्यावर बऱ्याच वर्षांनी म्हणाले, तशी वेळ आली असती तर मी हुकूम दिला असता, पण त्यानंतर जगलो असतो तर स्वतःला कधीच माफ केलं नसतं. आणि जुलै २०१६मध्ये पाणबुड्यांच्या नव्या ताफ्यावर संसदेत चर्चा होती. एका सदस्याने थेरेसा मे यांना विचारलं, एक लाख निरपराध माणसं, बायका, मुलं मारणाऱ्या हल्ल्याला तुम्ही स्वतः मंजुरी द्याल का? त्या क्षणभरही न थांबता म्हणाल्या, हो. पुढे कारणही दिलं, की शत्रूला आपली तयारी माहीत असण्यातच धाकाचं सार आहे. ठराव ४७२ विरुद्ध ११७ मतांनी मंजूर झाला.

अनिरुद्ध : आपल्या संसदेत हा प्रश्न कोणी विचारला तर दुसऱ्या दिवशी त्याला देशद्रोही म्हणतील.

आत्या : आणि उत्तर देणाऱ्याला कोणी काही म्हणणार नाही.

अनिरुद्ध : पण आत्या, शहरांऐवजी फक्त लष्करी ठिकाणांवर नेम धरला तर? विमानतळ, क्षेपणास्त्रांची कोठारं. मग दुहेरी परिणामाची कसोटी पास होते.

आत्या : कागदावर. १९८३मध्ये अमेरिकेतल्या कॅथलिक बिशपांनी अण्वस्त्रांवर मोठं पत्रक काढलं. त्यांनाही सरकारने हेच सांगितलं होतं, की आम्ही लोकवस्तीवर नेम धरत नाही. बिशपांनी विचारपूस केली तर कळलं की एकट्या मॉस्को शहरात ६० 'लष्करी' लक्ष्यं होती. मॉस्कोवर ६० अणुबॉम्ब टाकायचे आणि म्हणायचं, आमचा नेम माणसांवर नव्हता! तू राहतोस त्या पुण्याचंच घे. लोहगावला हवाई दलाचा तळ, कॅम्पात दक्षिण कमांडचं मुख्यालय, खडकीत दारूगोळ्याचा कारखाना. शत्रूने फक्त लष्करी ठिकाणं निवडली असं म्हणून पुणं वाचेल का?

अनिरुद्ध : नाही वाचणार.

आत्या : रावळपिंडीचंही तसंच. लष्कराचं मुख्यालय दाट वस्तीत आहे. त्यात आणखी एक वाकडी गोष्ट. शत्रूच्या क्षेपणास्त्रांवरच नेम धरायचा तर ती उडायच्या आत धरावा लागतो, नाहीतर रिकामी कोठारं फोडून काय उपयोग? म्हणजे नीतीच्या नावाने लक्ष्य बदललं की पहिला वार करायचा मोह वाढतो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सुधारायला जावं तर पहिल्याचं बिघडतं. मला या सगळ्या विषयात सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते.

अनिरुद्ध : मग शेवटी बिशप काय म्हणाले?

आत्या : शहरांवर हल्ला कधीही नाही, प्रत्युत्तर म्हणूनही नाही. धाक मात्र काही काळ, कडक अटींवर, निःशस्त्रीकरणाकडे जाताना चालवून घेऊ. ही सवलत होती. पुढे ती तशीच चालू राहिली आणि निःशस्त्रीकरण लांबत गेलं. २०१७ला पोप फ्रान्सिस यांनी ती जवळजवळ काढून घेतली. अण्वस्त्रं नुसती बाळगणंही निषेधार्ह म्हणाले. दोन वर्षांनी हिरोशिमात जाऊन तेच पुन्हा सांगितलं.

अनिरुद्ध : आता आपल्याकडे ये. तू मघापासून दुसऱ्या वारावर बोट ठेवून आहेस.

आत्या : येते. आपलं सरकार एकेकाळी या प्रश्नावर जगात सर्वांत स्पष्ट बोलणाऱ्यांपैकी होतं. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाला विचारलं होतं, अण्वस्त्रांचा वापर किंवा वापराची धमकी कायदेशीर आहे का? १९९५मध्ये भारताने लेखी निवेदन दिलं. त्यात म्हटलं की वापर कोणत्याही परिस्थितीत बेकायदेशीर, अगदी प्रत्युत्तर म्हणूनही. आणि अण्वस्त्रांच्या धाकाची कल्पनाच माणुसकीला किळस आणणारी आहे, कारण स्वतःच्या बचावासाठी दोन्हीकडच्या जनतेची पर्वा न करण्याची तयारी तिच्यात गृहीत असते.

अनिरुद्ध : हे भारत म्हणतोय? १९९५मध्ये?

आत्या : आणि १९९८च्या मेमध्ये पोखरण.

अनिरुद्ध : न्यायालयाने निकाल काय दिला?

आत्या : जुलै १९९६मध्ये मत दिलं, की वापर आणि धमकी सर्वसाधारणपणे युद्धविषयक कायद्याच्या विरोधात आहे; पण राष्ट्राचं अस्तित्वच पणाला लागलं असेल अशा टोकाच्या स्वसंरक्षणात काय, ते निश्चित सांगता येत नाही. त्या मुद्द्यावर सात विरुद्ध सात मतं पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने ते मंजूर झालं. श्रीलंकेचे न्यायमूर्ती वीरमंत्री यांचं मात्र ठाम विरोधी मत होतं. कोणत्याही परिस्थितीत बेकायदेशीर, असं. त्यांनी दाखला कशाचा दिला माहितीये? रामायणाचा. लक्ष्मण सगळ्या राक्षसांचा एकदम संहार करणारं अस्त्र सोडायला निघतो आणि राम त्याला अडवतो. एका इंद्रजितासाठी, जे लढत नाहीत त्यांनाही मारायचं का?

अनिरुद्ध : म्हणजे आपल्या परंपरेत उत्तर होतंच.

आत्या : छाती फुगवू नकोस. आपल्याच परंपरेत झोपलेल्या छावणीची कत्तल करणारा अश्वत्थामाही आहे आणि तो धर्मयुद्धाच्या अठराव्या रात्री आहे. परंपरेत दोन्ही असतं. आपण धोरणात काय उचललं ते बघायचं.

अनिरुद्ध : पहिला वार नाही, हे उचललं.

आत्या : उचललं, आणि ते खरोखर मोलाचं आहे. जानेवारी २००३मध्ये सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीने जाहीर केलेलं धोरण पुन्हा वाच. पहिला वार नाही. हुकूम फक्त लोकांनी निवडलेलं नेतृत्व देणार. ज्यांच्याकडे अण्वस्त्रं नाहीत त्यांच्यावर वापर नाही. मात्र जैविक किंवा रासायनिक मोठा हल्ला झाला तर अण्वस्त्राने उत्तर द्यायचा पर्याय राखून ठेवलाय. आणि मधलं वाक्य, अण्वस्त्र हल्ल्याला मिळणारं प्रत्युत्तर प्रचंड असेल, शत्रूला असह्य हानी पोचवणारं असेल. १९९९च्या मसुद्यातही असह्य हानी होतीच, पण तिथे नुसतं शिक्षा म्हणून प्रत्युत्तर असं म्हटलं होतं. 'प्रचंड' हे नंतर आलं.

अनिरुद्ध : जितकं प्रचंड तितका धाक जास्त, सरळ आहे.

आत्या : आता हे बघ. धोरणात असंही आहे की हल्ला भारताच्या भूमीवर झाला किंवा भारतीय सैन्यावर कुठेही झाला, तरी हेच उत्तर. पाकिस्तानने २०११मध्ये नस्र नावाच्या क्षेपणास्त्राची चाचणी घेतली. टप्पा ६० किलोमीटर. पाकिस्तानी हद्दीत घुसलेल्या आपल्या रणगाड्यांवर छोटा अणुबॉम्ब टाकायचा, हा त्यामागचा विचार. समज, उद्या वाळवंटात तसं झालं. आपले शेकडो जवान गेले. भयंकर गोष्ट. जाहीर धोरणाप्रमाणे आपलं उत्तर काय?

अनिरुद्ध : प्रचंड. म्हणजे... शहरं.

आत्या : रणगाड्यांच्या तुकडीच्या बदल्यात लाहोर आणि कराची. पहिला वार त्यांचा, म्हणून पहिल्या प्रश्नात आपण शंभर टक्के बरोबर. दुसऱ्या प्रश्नात हिरोशिमाच्या कित्येक पट पुढे. आणि मग ते काय करतील? मुंबई त्यांच्या टप्प्यात आहे.

अनिरुद्ध : म्हणून तर काही जण म्हणतात की पहिला वार नाही हेच सोडून द्या. २०१९मध्ये राजनाथ सिंहही पोखरणला म्हणाले होते, पुढे काय ते परिस्थितीवर अवलंबून.

आत्या : वाद कायम तिथेच होतो, पहिल्या वाक्यावर. ठेवायचं की काढायचं. 'प्रचंड' या शब्दावर वाद घालताना मी आपल्याकडे फारच थोडी माणसं बघितली आणि तीही बहुतेक डावपेचांच्या अंगाने, की इतकी मोठी धमकी कोणाला खरी वाटेल का. ती खरी असावी का, हे कोणी विचारत नाही.

अनिरुद्ध : तू असतीस तर काय केलं असतंस? अण्वस्त्रं टाकून दिली असतीस? १२२ देशांनी २०१७मध्ये बंदीच्या कराराला मत दिलं, त्यात अण्वस्त्रं असलेला एकही देश नव्हता.

आत्या : एकट्याने टाकून द्या, असं मी म्हणणार नाही. दोन्ही शेजाऱ्यांकडे असताना ते कोणतंही सरकार करणार नाही आणि केलं तर मला भीती वाटेल. हे माझ्या तत्त्वात बसत नाही, मला ठाऊक आहे. पण 'प्रचंड' शब्द काढायला एकही क्षेपणास्त्र मोडावं लागत नाही. उत्तर देऊ, ते प्रमाणात देऊ, आणि लोकवस्तीवर नेम धरणार नाही, एवढं लिहायचं.

अनिरुद्ध : तूच म्हणालीस, रावळपिंडीत लष्करी आणि नागरी वेगळं काढता येत नाही.

आत्या : म्हणून रावळपिंडी वगळायची.

अनिरुद्ध : मग त्यांना कळेल की शहरात लपलं की सुरक्षित. धाक कमी होईल, आत्या. आणि धाक कमी झाला म्हणून उद्या कोणी पहिला बॉम्ब टाकला तर मरणारी माणसं आपली असतील. मुंबईची, पुण्याची.

आत्या : होय, धाक थोडा कमी होईल. किती, ते तुलाही सांगता येणार नाही आणि त्यांच्या सेनापतींनाही नाही. रणगाड्यांवर, तळांवर उलटून बॉम्ब पडणार ही खात्री काही कमी भीतीची नाही. पण जोखीम आहे, ती मी नाकारत नाही. ती आपल्या माणसांवर येते, तुझ्यामाझ्यावर येते, हेही मान्य.

अनिरुद्ध : असं कोणतं सरकार कबूल करेल? भारत-पाकिस्तानात एकमेकांचं नुकसान न करण्याबद्दल कधी काही ठरलंय तरी का?

आत्या : ठरलंय. ३१ डिसेंबर १९८८चा करार, एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही. १९९२पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या केंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. कारगिलनंतर दिल्या, संसदेवरच्या हल्ल्यानंतर सीमेवर फौजा समोरासमोर होत्या तेव्हा दिल्या, पुलवामानंतरही दिल्या.

अनिरुद्ध : म्हणजे तुर्भ्याची अणुभट्टी करारात आहे, आणि शेजारचं चेंबूर नाही.

आत्या : चेंबूर नाही. कराचीचंही तसंच आहे. किनाऱ्यावरचं अणुवीज केंद्र करारात, मागचं शहर बाहेर. केंद्रांची यादी करावी लागते, शहरांची तीही लागत नाही, ती नकाशावर आहेतच. पण त्या कराराला दुसरं कलम जोडूया, असा प्रस्ताव मांडायचा तर आधी आपल्याला २००३चं ते वाक्य बदलावं लागेल.